बेताच्या ऐपतीच्या शिकाऱ्याची रायफल

इ. स. १९०७ सालीं कुमाऊंतील चंपावत गांवाजवळ जिम कॉर्बेट यानें जी नरभक्षक वाघीण मारली, तिच्या नांवावर ४३६ माणसांचे बळी नोंदलेले होते. त्यांपैकीं सुमारें दोनशें नेपाळांतले आणि उरलेले कुमाऊंतले. वाघीण पडल्यावर कॉर्बेटनें तिचा जबडा उघडून पाहिला. उजव्या बाजूचे वरचा व खालचा असे दोन्ही सुळे मोडलेले होते. वरचा अर्ध्यावर तुटला होता आणि खालचा थेट हाडापर्यंत गेला होता. ही जुनी जखम बंदुकीच्या गोळीची होती. सुळे गेल्यामुळें रानांतलें नेहमींचें भक्ष्य तिला मारतां येईना, आणि म्हणून ती माणसांकडे वळली, असें कॉर्बेटनें लिहून ठेवलें आहे. कोणा एकाचा बार चुकला आणि त्याचें मोल ४३६ घरांना भरावें लागलें.

त्या शिकारीचा शेवटहि असाच एका सदोष बंदुकीच्या हातीं येऊन ठेपला होता. कॉर्बेटजवळ ·५०० बोअरची रायफल होती, परंतु काडतुसें तीनच. तीं संपलीं तेव्हां जखमी वाघीण त्याच्या समोर उभी होती. हाक्यास आलेल्या तहशीलदाराच्या हातची बंदूक घेऊन तो धांवला. जवळ पोंचल्यावर त्याच्या ध्यानांत आलें कीं, या बंदुकीच्या नळ्या आणि त्यांच्या बुडाशीं बसणारा ठोकळा यांमध्यें जवळजवळ तीन-अष्टमांश इंचाची फट आहे. दुसरें हत्यार नव्हतें. अवघ्या वीस फुटांवरून त्यानें तिच्या उघड्या तोंडावर नेम धरला. गोळी लागली ती उजव्या पंजाला, आणि तीहि इतकी वरवर कीं, मागाहून त्यानें ती नखानें उकरून काढली. आधींच्या गोळ्यांनीं वाघिणीचा प्राण जातच आला होता, म्हणून निभावलें. १९४४ सालीं मुंबईस प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकांत त्यानें ही गोष्ट कसलीहि फुशारकी न मारतां सांगितली आहे.

या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांतांचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांनीं कॉर्बेटला एक रायफल भेट दिली. तिच्या दस्त्यावर तशा मजकुराची रुप्याची पट्टी बसविलेली आहे. आतां, वाघ मारणाऱ्यास लाटसाहेबांनीं द्यावयाची भेट म्हणजे नक्षीकाम केलेली भारी दुनळी रायफल असावयाची, अशी कोणाचीहि समजूत व्हावी. प्रत्यक्षांत ती होती लंडनच्या जॉन रिग्बी कंपनीची ·२७५ बोअरची, एकनळी, हलकी, बोल्ट ओढून भरावयाची रायफल. नळी आणि दस्ता रिग्बीच्या हातचे. परंतु तिचें मुख्य यंत्र जर्मनींतील ओबेर्नडॉर्फ गांवच्या माउझर कारखान्यांतून आलेलें. तेंच यंत्र जर्मन पायदळाच्या शिपायाच्या खांद्यावर होतें. रिग्बीचें नांव लागल्यामुळें ही विशिष्ट रायफल कांहीं अगदींच स्वस्त नव्हती. पण तिच्या कुळांतल्या साध्या बहिणींनीं बेताच्या ऐपतीच्या माणसास प्रथमच भरंवशाचें हत्यार मिळवून दिलें. शिपायाची बंदूक शिकाऱ्याच्या घरीं कशी आली, आणि येतांना तिनें काय आणलें, हा इतिहास मोठा बोधक आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानांतील शिकाऱ्यापुढें दोनच मार्ग होते. एका टोकास राजेरजवाड्यांची आणि बड्या साहेबांची दुनळी रायफल. ती महाग कां असे, हें तिच्या घडणींत पाहिलें म्हणजे समजतें. दोन नळ्या शेजारीं शेजारीं समांतर जोडल्या तर दोन गोळ्या एका ठिकाणीं कधींच पडत नाहींत. कारण बार होतांच बंदूक ज्या नळीचा बार झाला त्या बाजूस किंचित् झुकते. म्हणून कारागीर त्या नळ्या पुढें जरा जवळ आणून डाखानें जोडतो. मग बार काढून पाहतो. गोळ्या फांकल्या तर डाख तापवून, मधली पाचर केसभर सरकवून, पुन्हां बार काढतो. दोन्ही गोळ्या एका जागीं पडेपर्यंत हा उद्योग चालावयाचा, आणि तोहि एकाच वजनाच्या गोळीसाठीं व एकाच मापाच्या दारूसाठीं. काडतुसाची जात बदलली कीं सारें मुसळ केरांत. अशा हत्याराची किंमत म्हणजे त्या कारागिराच्या दिवसांची किंमत. मात्र तिचा गुण खोटा नव्हे. पहिला बार फुकट गेला तर दुसरा काढण्यास हात हलवावा लागत नाहीं, नुसतें बोट हलवावें लागतें; आणि दोन नळ्यांचीं यंत्रें निरनिराळीं असल्यामुळें एक रुसलें तरी दुसरें हातीं असतें. दहा पावलांवरून झेंप घेणाऱ्या वाघापुढें या गोष्टीचें मोल रुपयांत होत नाहीं.

दुसऱ्या टोकास खेड्यांतली ठासणीची बंदूक, आणि तिच्याहि मागची तोड्याची. पावसांत दारू भिजावयाची, बार दमकायचा, आणि झालाच तर मऊ शिशाची गोळी सांबराच्या खांद्यांत अडकून तें जायबंदी होऊन रानांत नाहींसें व्हावयाचें. खुद्द कॉर्बेटची लहानपणची बंदूक याच जातीची होती. दोन नळ्यांपैकीं उजवी चिरलेली, आणि दस्ता तारेनें बांधलेला. त्यानंतर नैनितालच्या शाळेंतील स्वयंसेवक पथकाची ·४५० बोअरची मार्टिनी रायफल त्याच्या हातीं आली, आणि तिनें त्यानें पहिला बिबळ्या मारला. तीहि लष्कराचीच. दुनळीची ऐपत नाहीं आणि ठासणीच्या बंदुकीवर विश्वास नाहीं, असा जो मधला वर्ग, म्हणजे जंगलखात्यांतला अंमलदार, मळेवाला, जिल्ह्याच्या गांवचा वकील, लहानसा जहागीरदार, त्याला रायफल मिळाली ती या लष्करी वाटेनें.

तिचा आरंभ एका कुलुपें करणाऱ्याच्या घरांत आहे. प्रशियांतील झ्योमर्डा गांवीं १७८७ सालीं जन्मलेला निकोलाउस ड्रायझे हा कुलूपवाल्याचा मुलगा. तारुण्यांत त्यानें पॅरिस येथें बंदुकांच्या कारखान्यांत काम केलें आणि गांवीं परतल्यावर बरींच वर्षें खटपट करून १८३६ च्या सुमारास मागून भरावयाची बंदूक सिद्ध केली. तिची युक्ति घरोघरच्या दारावर रोज दिसते. दाराची सरकती कडी मूठ वर करून मागें ओढली कीं दार मोकळें, आणि पुढें सारून मूठ खालीं पाडली कीं दार बंद. ड्रायझेनें हीच कडी नळीच्या बुडाशीं बसविली. कडी मागें ओढा, काडतूस ठेवा, कडी पुढें सारा, मूठ खालीं पाडा. नळीचें मागचें दार घट्ट बंद. इंग्रजींत कडीस जो ‘बोल्ट’ शब्द आहे तोच या रायफलीच्या नांवांत आहे. प्रशियानें ही बंदूक १८४१ सालीं पत्करली. पुढें १८६६ च्या जुलैंत क्योनिगग्रेट्सच्या लढाईंत ऑस्ट्रियाचा शिपाई उभा राहून गजानें दारू ठाशीत असतां प्रशियाचा शिपाई जमिनीवर पडल्या पडल्या बंदूक भरीत होता. त्या दिवसापासून युरोपांतील प्रत्येक सेनापतीस कडीची बंदूक हवीशी झाली.

ड्रायझेच्या बंदुकींत दोष पुष्कळ होते. बुडाशीं धूर व ज्वाळा निसटत. ते दूर करणारा पुरुष म्हणजे ओबेर्नडॉर्फचा पाउल माउझर. याचा जन्म १८३८ सालचा. वडील विल्हेल्म याजबरोबर, म्हणजे थोरल्या भावाबरोबर, त्यानें १८७१ ची रायफल जर्मन साम्राज्यास दिली, आणि नंतरचीं पंचवीस वर्षें तो तिच्यांतील एकेक उणीव काढीत बसला. मध्यंतरीं दोन गोष्टी घडल्या. १८७९ सालीं स्कॉटलंडांत जन्मलेल्या आणि कॅनडांत वाढलेल्या जेम्स पॅरिस ली यानें बोल्टच्या खालीं काडतुसांची उभी पेटी बसविण्याची युक्ति काढली. आणि १८८४ सालीं पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें धूर न करणारी दारू तयार केली. या दारूनें गोळीचा वेग एकदम वाढला, बोअर लहान झाला, आणि जुन्या लष्करी बंदुका भंगार ठरल्या.

१८९८ सालीं जर्मन सैन्यानें जी माउझर स्वीकारली तींत या साऱ्या गोष्टींचें सार होतें. बोल्टच्या तोंडाशीं दोन भक्कम दांत नळीच्या बुडाशीं अडकतात. ते दगा देतील तर मागें तिसरा दांत राखून ठेवलेला. काडतूस फुटून ज्वाळा मागें आलीच तर तिला बाजूस जाण्यास भोंकें ठेवलेलीं. आणि बोल्टच्या अंगास एक लांब पोलादी नखी. काडतूस पेटींतून वर येतांच ही नखी त्याचें बूड पकडते आणि बाहेर फेंकीपर्यंत सोडीत नाहीं. शिकारी घाबरून बोल्ट अर्धाच ओढील किंवा रायफल आडवी-तिडवी धरील, तरी काडतूस भलतीकडे पडत नाहीं. माणूस घाबरणार हें धरून चालणारें यंत्र, अशी याची थोरवी आहे. दुर्दैव असें कीं, या सावध माणसाचाच एक डोळा १९०१ सालीं स्वयंचलित रायफलीची परीक्षा घेतांना गेला.

ही रायफल स्वस्त कां पडली याचें उत्तर आतां सोपें आहे. नळी एकच, म्हणून दोन नळ्या जुळविण्याचा प्रश्न नाहीं. बोल्ट आणि त्याचें घर हीं यंत्रावर कातलेलीं, एकाचा भाग दुसऱ्यास बसणारा. सांचे, मापें, यंत्रसामग्री यांचा अवाढव्य खर्च निरनिराळ्या देशांच्या सरकारांनीं लाखों रायफलींच्या मागणीवर आधींच फेडून टाकलेला. शिकारी गिऱ्हाईक आला तो तयार ताटावर.

पण गिऱ्हाईक तरी कसा आला? जाहिरात केली ती युद्धांनीं. १८९८ च्या जुलैंत क्यूबामधील सान हुआन टेंकडीवर थोड्याशा स्पॅनिश शिपायांनीं माउझरच्या बळावर अमेरिकन फौजेस असें रडविलें कीं, अमेरिकेनें आपली नवी १९०३ ची स्प्रिंगफील्ड रायफल माउझरच्याच धर्तीवर बांधली आणि त्या युक्तींच्या वापराबद्दल माउझर कंपनीस दोन लाख डॉलर मोजून दिले. दुसरी जाहिरात दक्षिण आफ्रिकेंत झाली. बोअर हा शेतकरी आणि जन्माचा शिकारी. त्याच्या हातीं ७ मिलिमीटरची माउझर होती. १८९९ च्या डिसेंबरांत कोलेन्सो येथें आणि पुढच्या जानेवारींत स्पिअन कोप येथें इंग्रज फौजेची जी दाणादाण उडाली, ती याच गोळीनें. त्या रणांगणांतून जखमी वाहून आणणाऱ्यांत नाताळांतील हिंदी लोकांचें पथक होतें आणि त्यांत बॅरिस्टर गांधी होते. म्हणजे माउझरच्या गोळीनें काय होतें हें महात्माजींनीं फार जवळून पाहिलें होतें.

इंग्रज बंदूकवाल्यांनीं या पराभवापासून धडा घेतला तो असा कीं, शत्रूचेंच यंत्र विकत घ्यावें. रिग्बी कंपनीनें माउझरची विलायतेंतील विक्री हातीं घेतली आणि बोअरांच्याच ७ मिलिमीटर काडतुसास ‘·२७५ रिग्बी’ असें इंग्रजी नांव दिलें. जर्मन मापाचें बारसें इंचांत केलें म्हणजे विलायती माणसास तें घरचें वाटूं लागतें, ही व्यापारी नस त्यांना ठाऊक होती. या लहान काडतुसाची कीर्ति आफ्रिकेंत वॉल्टर बेल या स्कॉटिश शिकाऱ्यानें शिगेस पोंचविली. त्यानें हजारांवर हत्ती मारले आणि त्यांतील मोठा भाग याच ·२७५ नें. त्याची गोळी १७३ ग्रेन वजनाची. आपला तोळा १८० ग्रेनांचा, म्हणजे गोळी पुरती तोळाभरहि नव्हे. त्या तोळाभर धातूनें हत्ती पडे याचें कारण रायफलींत नव्हतें. बेलनें हत्तीची कवटी करवतीनें उभी चिरून मेंदू नेमका कोठें असतो याचा अभ्यास केला होता. हें विसरून ज्यांनीं केवळ त्याचा बोअर उचलला त्यांच्या हातून जनावरें जायबंदी झालीं. आजच्या दृष्टीनें हजार हत्तींचा आंकडा अंगावर कांटाच आणतो, पण त्या काळीं तो हस्तिदंताचा धंदा होता.

हिंदुस्थानांत मात्र निवडीची दोरी शिकाऱ्याच्या हातीं नव्हती. ती सरकारच्या हातीं होती. लॉर्ड लिटनच्या अमदानींतील १८७८ च्या शस्त्रकायद्यानें परवान्याशिवाय हत्यार बाळगणें बंद झालेंच होतें. पुढें सरकारला निराळीच धास्ती पडली. लष्कराचें काडतूस आणि शिकाऱ्याचें काडतूस एकच असेल तर चोरलेली लष्करी बंदूक बाजारच्या काडतुसावर चालेल आणि लष्करांतून पळविलेलें काडतूस खासगी बंदुकींत जाईल. म्हणून फौजेचा ·३०३ बोअर सामान्य परवानेदारास निषिद्ध ठरला, आणि १९०७ च्या सुमारास ·४५० बोअरहि बंद झाला, कारण जुन्या मार्टिनी रायफली या बोअरच्या होत्या. ही धास्ती अगदींच अनाठायीं नव्हती. १९१४ च्या ऑगस्टमध्यें कलकत्त्याच्या रॉडा कंपनीचा माल जकातघरांतून निघाला असतां बंगाली क्रांतिकारकांनीं त्यांतील पन्नास माउझर पिस्तुलें आणि सेहेचाळीस हजार काडतुसें वाटेंतच लांबविलीं.

या बंदीचा परिणाम मोठा गमतीचा झाला. विलायतेंतील कारखानदारांनीं ·४५० च्या आसपासचे ·४६५, ·४७०, ·४७५ असे नवे बोअर काढले. हातभर लांब यादी झाली. शिकारीच्या पुस्तकांतून या आंकड्यांवर जे गहन वादविवाद आढळतात त्यांच्या मुळाशीं शास्त्र थोडें आणि कायदा फार. गरिबाच्या वाट्यास याच कायद्यानें ·३१५ बोअर आणला. बर्मिंगहॅमची बी. एस्. ए. कंपनी फौजेसाठीं ली-एन्फील्ड रायफली करीत असे. तेंच यंत्र, तीच चौकट ठेवून तिनें फक्त नळी बदलली आणि तींत ऑस्ट्रियन सैन्याचें ८ मिलिमीटरचें जुनें मॅन्लिखर काडतूस बसविलें. ऑस्ट्रियाचें सैन्य हिंदुस्थानांत नसल्यामुळें हा बोअर ‘लष्करी’ ठरला नाहीं! गोळी २४४ ग्रेनांची, म्हणजे सुमारें सव्वा-दीड तोळा. वेग बेताचा, पण शंभर-सवाशें वारांच्या आंतील डुक्कर, सांबर, बिबळ्या यांस पुरेसा. ली-एन्फील्डचे अडकणारे दांत बोल्टच्या मागच्या बाजूस आहेत, त्यामुळें माउझरइतकी ती ताठ नाहीं. परंतु बोल्टची धांव आंखूड आणि गति झटपट. धूळ, चिखल, पाऊस यांना ती दाद देत नसे, हें पलटणींनीं सिद्ध केलेंच होतें.

बेताच्या ऐपतीचा जाणता शिकारी दुकानांत जाऊन काय पाहत असे? दस्त्याचें अक्रोडी लांकूड नव्हे. परवान्यावर कोणता बोअर लिहून मिळेल हें आधीं. मग त्या बोअरचें काडतूस जिल्ह्याच्या गांवीं मिळेल कीं कलकत्त्याहून मागवावें लागेल हें. काडतुसें महाग असलीं कीं माणूस सरावास बार काढीत नाहीं, आणि सराव नसलेल्या माणसाचा पहिला खरा बार जनावराच्या पोटांत जातो. जुनी रायफल घ्यावयाची तर बोल्ट काढून नळींतून उजेडाकडे पाहावयाचें, आटे स्वच्छ व धारदार आहेत कीं गंजानें खाल्ले आहेत. कारण त्या काळच्या काडतुसांच्या टोप्यांतील क्षार ओल धरीत आणि एका पावसाळ्यांत नळीची वाट लावीत. बोल्ट बंद करून तो हलतो का, हेंहि पाहावयाचें. काडतुसाचें बूड आणि बोल्टचें तोंड यांमध्यें केसभर अंतर वाढलें कीं पितळी टोपण फाटण्याचा धोका. तहशीलदाराच्या बंदुकींत हेंच अंतर बोटभर होतें.

आणि वजन. याचा सर्वांत विलक्षण दाखला पुन्हां कॉर्बेटचाच आहे. १९३० च्या एप्रिलमध्यें तो चौगडच्या नरभक्षक वाघिणीच्या मागावर होता. त्याला पक्ष्यांच्या अंड्यांचा छंद. वाटेंत एका रातव्याचीं दोन अंडीं त्यानें उचलून डाव्या हातांत धरलीं होतीं. एका मोठ्या खडकास वळसा घालून मान वळवितो तों वाघीण आठच फुटांवर समोर बसलेली. रायफल उजव्या हातांत, पण तोंड भलतीकडे. त्यानें ती एका हातानें, जरासुद्धां घाई न दाखवितां, सावकाश फिरविली आणि बार काढला. रायफल भारी असती तर ती अशी एका हातानें फिरवितां आली नसती, आणि डावा हात अंड्यांत गुंतला नसता तर आपण झटकन् वळलों असतों आणि वाघीण अंगावर आली असती, असें तो म्हणतो. दुनळीच्या अभिमान्यांस या प्रसंगावर उत्तर देणें कठीण आहे. एरवीं त्यांची बाजू लंगडी नाहीं, आणि स्वतः कॉर्बेटजवळहि ·४५०/४०० ची एक दुनळी होतीच.

दोन महायुद्धांनंतर या रायफलीचा भाव साऱ्या जगांत कोसळला. लाखों माउझर, ली-एन्फील्ड, इटालियन कार्कानो कोठारांत पडल्या होत्या आणि सरकारांना त्या नकोशा झाल्या होत्या. अमेरिकेंत आणि कॅनडांत त्या टपालानें घरपोंच मिळूं लागल्या. गिऱ्हाइकानें लांबलचक लष्करी लांकूड करवतीनें कापावें, नळी आंखूड करावी, आणि हरणाच्या शिकारीस निघावें. बर्मिंगहॅमच्या पार्कर-हेल कंपनीनें तर जुन्या ली-एन्फील्ड साफसूफ करून शिकारी रूपांत विकण्याचा व्यापारच मांडला. कॅनडाच्या उत्तरेकडील बर्फाळ प्रदेशांत १९४७ सालीं उभारलेल्या रेंजर पथकांच्या हातीं हीच ली-एन्फील्ड सत्तर वर्षें राहिली. त्या थंडींत तिचा बोल्ट गोठत नाहीं, एवढीच तिची शिफारस.

या स्वस्ताईस काळिमा लागला तो १९६३ सालीं. मार्च महिन्यांत ली हार्वे ऑस्वाल्डनें शिकागोच्या एका दुकानाकडून खोट्या नांवानें, टपालानें, दुर्बीण लावलेली जुनी कार्कानो मागविली. किंमत १९ डॉलर ९५ सेंट, वर टपालखर्च. त्याच वर्षीं २२ नोव्हेंबर रोजीं अध्यक्ष केनेडी यांचा वध झाला, आणि चौकशींत ती रायफल पुढें आली. १९६८ च्या कायद्यानें अमेरिकेंत टपालानें बंदुका विकणें आणि जुन्या लष्करी बंदुका बाहेरून आणून विकणें हीं दोन्ही बंद झालीं; दुसरी बंदी पुढें सैल झाली.

जुना लष्करी माल आटला तेव्हां कारखान्यांना नवी रायफल त्याच भावांत देण्याची अक्कल लढवावी लागली. या कामांत कोणी काय कापलें हें पाहण्यासारखें आहे. सॅव्हेज कंपनीनें १९५८ च्या आपल्या ११० क्रमांकाच्या रायफलींत नळी एका चाकीनें आवळली. काडतूस आणि बोल्ट यांमधील तें नाजूक अंतर जुळविण्यास आतां निष्णात कारागीर नको, साधा कामगार पुरे. बचत झाली, आणि अचूकपणा घटण्याऐवजीं वाढला. १९६७ ते १९८३ पर्यंत निघालेल्या रेमिंग्टन ७८८ नें लांकूड हलकें वापरलें, सजावट सोडली, परंतु नळी आणि बोल्ट यांवर हात आंखडला नाहीं. तिची ख्याति महागड्या बहिणींस लाजविणारी झाली. उलट विंचेस्टर कंपनीनें १९६४ सालीं आपल्या गाजलेल्या ७० क्रमांकाच्या रायफलींतून माउझरची ती लांब नखीच काढून टाकली. शिकाऱ्यांनीं तें कधीं क्षमा केलें नाहीं. १९६४ च्या आधींची जुनी रायफल नव्याहून महाग विकूं लागली आणि कांहीं दशकांनीं कंपनीस नखी परत आणावी लागली. आतां सॅव्हेज, रुगर वगैरेंच्या हलक्या किमतीच्या रायफली ओतीव प्लास्टिकच्या दस्त्यांच्या आहेत. दिसायला ओबडधोबड, नेमाला चोख.

हिंदुस्थानांत ·३१५ चें काम स्वातंत्र्यानंतर बंगालमधील इच्छापूर येथील सरकारी कारखान्यानें चालविलें. या कारखान्यांत विसाव्या शतकाच्या आरंभापासून ली-एन्फील्ड बनत असे, आणि तेंच यंत्र शिकारी रायफलीसहि लागलें. महाराष्ट्राचाहि यांत वांटा आहे. पुण्याजवळ खडकी येथें १८६९ पासून काडतुसांचा कारखाना आहे, आणि तेथील काडतुसाच्या पितळी बुडावर ‘के. एफ्.’ हीं अक्षरें उमटविलेलीं असत. ऑस्ट्रियाचें काडतूस, स्कॉटिश माणसाची पेटी, बर्मिंगहॅमची युक्ति, इच्छापूरचें पोलाद, अशी ही संयुक्त कुटुंबाची रायफल गांवोगांवच्या परवानेदारांच्या घरीं राहिली.

पण ती आली आणि शिकार गेली. वाघाची शिकार १९७० सालीं बंद झाली. १९७२ च्या वन्य जीव संरक्षण कायद्यानें बहुतेक जनावरांस अभय मिळालें, आणि १९९१ च्या दुरुस्तीनें शिकारीचा धंदा व छंद दोन्ही जवळजवळ संपले. माणसांच्या जिवावर उठलेलें किंवा पिकांची नासधूस करणारें जनावर अधिकाऱ्याच्या लेखी आज्ञेनेंच मारतां येतें. अशी आज्ञा ज्यास मिळते त्याच्यापुढें मात्र जुनाच प्रश्न उभा राहतो. ऊंसांत शिरलेलें जखमी डुक्कर बाहेर पडतांना वाटेंतल्या माणसास सोडीत नाहीं.

कॉर्बेट १९४७ सालीं केनियांत जाऊन राहिला आणि १९५५ सालीं न्येरी येथें वारला. त्याची ·२७५ त्याच्या प्रकाशकांकडे, ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडे गेली आणि त्यांच्या दप्तरांत कित्येक वर्षें पडून राहिली. २०१५ सालीं ती पुन्हां रिग्बी कंपनीनें घेतली. पुढच्या वर्षीं कंपनीच्या माणसांनीं ती कुमाऊंत आणून त्याच्या नांवाच्या अभयारण्याच्या परिसरांत लोकांस दाखविली. दस्त्यावरची रुप्याची पट्टी शाबूत आहे, आणि तिच्यावर चंपावतचें नांव व १९०७ हें साल स्पष्ट वाचतां येतें.